सुकाणू बाईच्या हाती

(समुदाय रेडिओवर झालेलं बोलणं, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं आवरून)

 

आज एका आजींची माहिती सांगणार आहे. या आजींनी वयाच्या ६२ व्या वर्षी पाण्यावर ताशी १०० मैलांपेक्षा जास्त वेगानं बोट चालवली. १०० मैल म्हणजे साधारण १६० किलोमीटर. आपली एस.टी. चांगल्या रस्त्यावर जेवढी पळते, त्याच्या दुपटीहून जास्त. आणि तीही पाण्यावर, जिथं ना डांबर, ना ब्रेक.

या आजींचं नाव फिओना. स्कॉटलंडमध्ये जन्म, इंग्लंडमध्ये संसार. नवरा अ‍ॅरन घराण्याचा उमराव, म्हणून लोक त्यांना लेडी अ‍ॅरन म्हणत. आपण फिओनाबाई म्हणू. तिकडच्या लोकांनी त्यांना आणखी एक नाव ठेवलं होतं, पाण्यावरची सगळ्यात वेगवान आजी.

तुम्ही म्हणाल, ताई, उमरावाच्या घरच्या बाईनं महागडी बोट पळवली, त्यात आपलं काय? प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर मी शेवटी देणार आहे. आधी त्या बाई आणि त्यांचा खेळ नीट समजून घेऊ.

तळ्याकाठचं बालपण

फिओनाबाईंचा जन्म १९१८ सालचा. स्कॉटलंडमध्ये लॉक लोमंड नावाचं मोठं तळं आहे. त्याच्या काठी लस नावाचं गाव आहे, आणि तिथली जमीन त्यांच्या वडिलांच्या कलहून घराण्याची होती. म्हणजे पाणी अगदी दारात.

१९३२ च्या जुलै महिन्यात याच तळ्यावर एक मोठी घटना घडली. के डॉन नावाच्या माणसानं ‘मिस इंग्लंड ३’ ही बोट ताशी ११९ मैलांच्या पुढे नेली. तो त्या वेळी जगातला विक्रम होता. तेव्हा फिओना चौदाव्या वर्षाच्या उंबऱ्यावर होती.

पण लगेच हातात बोट आली असं काही झालं नाही. १९३७ मध्ये लग्न झालं, दोन मुलगे झाले, संसार सुरू झाला. १९५८ मध्ये नवऱ्याकडे घराण्याची पदवी आली. नवरा संसदेच्या वरच्या सभागृहात बसायचा. बॅजर नावाचा एक प्राणी तिकडे असतो, अंगानं बुटका, तोंडावर काळे-पांढरे पट्टे, जमिनीत बिळं करून राहणारा. लोक त्याला छळून मारत. त्याला कायद्यानं संरक्षण मिळावं म्हणून या नवऱ्यानं सभागृहात खटपट केली आणि १९७३ मध्ये तसा कायदा झाला. या दोघांच्या घरीही प्राणी पाळलेले असत. फिओनाबाईंच्या काही शर्यतीच्या बोटींचं नावसुद्धा ‘बॅजर’च होतं.

शर्यतीच्या बोटी त्यांनी चालवायला घेतल्या त्या १९६० नंतरच्या वर्षांत. म्हणजे चाळिशी उलटून गेल्यावर. आपल्याकडे ज्या वयात बाईला सून आणायची घाई लावतात, त्या वयात.

खुल्या समुद्रावरची शर्यत म्हणजे काय?

आता हा खेळ काय आहे ते समजून घेऊ. तळ्यावर किंवा नदीत होणारी शर्यत वेगळी आणि खुल्या समुद्रातली वेगळी. समुद्रातल्या शर्यतीला इंग्रजीत ऑफशोअर म्हणतात, म्हणजे किनाऱ्यापासून लांब पाण्यात होणारी. इंजिनाच्या बोटी असतात, शर्यत दीडशे किलोमीटर आणि त्याहूनही लांबीची असते. मधे लाटा, वारा, धुकं, पाऊस, जे येईल ते.

इंग्लंडमध्ये अशी एक नावाजलेली शर्यत १९६१ मध्ये सुरू झाली. काउझ या बेटावरच्या बंदरातून निघायचं आणि टॉर्की या गावी पोचायचं. सर मॅक्स एटकिन यांनी ती सुरू केली आणि ‘डेली एक्स्प्रेस’ हे वर्तमानपत्र तिच्या पाठीशी होतं. फिओनाबाई याच शर्यतीत उतरत.

या बोटी लाटांवरून कशा जातात? एक साधा प्रयोग आठवा. लाकडी पाट पाण्यावर उपडा आपटला तर थाडकन आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात. सपाट तळाची बोट वेगात असली की प्रत्येक लाटेवर अशीच आपटते. लाकूड फुटतं आणि आत बसलेल्या माणसांच्या कमरेची वाट लागते.

यावर अमेरिकेतल्या रे हंट नावाच्या माणसानं उपाय काढला. त्यानं बोटीचा तळ नांगराच्या फाळासारखा खोल आणि निमुळता केला. फाळ जमीन कापतो तसा हा तळ लाट कापतो. आपटण्याचा दणका पुष्कळ कमी होतो. १९६० मध्ये मायामी ते नासाऊ या समुद्री शर्यतीत डिक बर्ट्रम यांनी अशा तळाची बोट उतरवली आणि ती पहिली आली. तेव्हापासून हा तळ जगभर पसरला. आज मच्छीमारीच्या आणि पोलिसांच्या कितीतरी वेगवान बोटींचा तळ याच घडणीचा असतो.

त्या बोटीचं नाव होतं ‘मॉपी’. बर्ट्रम यांच्या बायकोचं ते लाडकं नाव. गंमत बघा, बोटीवर नाव बायकोचं, पण त्या खेळात सुकाणू बहुतेक वेळा पुरुषाच्या हाती. आपल्याकडे ट्रॅक्टरवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहिलेलं असतं, पण चावी काही आईच्या कमरेला नसते. तसंच.

या खेळाचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंतही येतो. सॉनी लेव्ही नावाचे बोटींचे नामांकित रचनाकार कराचीत जन्मले आणि मुंबईत बोटी बांधण्याच्या कारखान्यात शिकले, घडले. पुढे ते इटलीला गेले. त्यांनी आखलेल्या ‘आ स्पेरान्झिएल्ला’ या बोटीनं १९६३ ची काउझ-टॉर्की शर्यत जिंकली. मुंबईत शिकलेली विद्या इंग्लंडच्या समुद्रात पहिली आली.

ताकद लागते की जाण?

लोकांना वाटतं, या खेळाला फक्त मनगटात जोर हवा. अंगात दम लागतोच. कारण तासन् तास गुडघे किंचित वाकवून उभं राहावं लागतं, म्हणजे लाटेचा दणका कमरेत न जाता पायात जिरतो. टमटममध्ये मागे उभं राहून खड्ड्यांच्या रस्त्यानं जाताना आपण जसे गुडघे सैल सोडतो, तसं.

पण खरी परीक्षा असते ती हाताच्या हलकेपणाची. वेगातली बोट लाटेच्या माथ्यावरून अक्षरशः हवेत उडते. त्या क्षणी मागचा पंखा पाण्याबाहेर येतो. पाण्याचा विरोध संपतो, त्यामुळे इंजिन बेफाम फिरायला लागतं. विहिरीतलं पाणी संपल्यावर मोटार कोरडी चालली की कसा वेगळाच आवाज येतो, ते तुम्हाला माहीत आहे. मोटार वेळेत बंद केली नाही तर जळते. इथंही तसंच. बोट उडायच्या क्षणी रेस कमी करायची आणि पंखा पाण्यात परत टेकताना नेमकी वाढवायची. उशीर झाला तर यंत्र तुटतं. घाई झाली तर बोटीचं नाक पाण्यात खुपसतं.

हे एका शर्यतीत शेकडो वेळा करायचं. म्हणून मोठ्या बोटींवर कामाची वाटणी असते. एक जण सुकाणू धरतो, दुसरा फक्त रेसवर हात ठेवतो, तिसरा नकाशा आणि होकायंत्र बघून दिशा सांगतो. त्या काळात मोबाइलवर नकाशा नव्हता. किनाऱ्यावरचं दीपगृह, टेकडीचा आकार, पाण्याचा रंग, यावरून वाट ओळखावी लागे.

मला सांगा, यातलं काय फक्त पुरुषालाच येतं? आवाजावरून यंत्राची तब्येत ओळखणं? पाणी बघून अंदाज बांधणं? नेमक्या क्षणी हात आवरता घेणं? या गोष्टी सरावानं येतात. आणि सरावाला वय लागतं. तरुणपणाचा जोर कमी झाला तरी जाण वाढत जाते.

फिओनाबाई एकट्याच होत्या असंही नाही. त्याच काळात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बेटी कुक नावाच्या बाई पन्नाशी ओलांडल्यावर या खेळात उतरल्या. १९७७ मध्ये त्या समुद्री बोटशर्यतीच्या जगज्जेत्या झाल्या आणि १९७९ मध्ये पुन्हा. मधल्या १९७८ मध्ये त्यांनी इंग्लंडला जाऊन काउझ-टॉर्की शर्यतही जिंकली. ही बायकांची वेगळी शर्यत नव्हती. पुरुषांच्या बरोबरीनं, त्याच पाण्यात, त्याच लाटांवर त्यांनी ती जिंकली.

१९८० चा ऑगस्ट

आता फिओनाबाईंच्या त्या मोठ्या दिवसाकडे येऊ. समुद्रातल्या शर्यतींचा अनुभव गाठीला होता. आता त्यांना सरळ रेषेत सगळ्यात जास्त वेग गाठायचा होता. त्यासाठी इंग्लंडमधलं विंडरमियर नावाचं लांबलचक तळं निवडलं होतं.

या तळ्याला एक इतिहास आहे. १९३० च्या जून महिन्यात सर हेन्री सेग्रेव्ह यांनी इथंच ताशी ९८ मैलांहून जास्त वेगाचा जागतिक विक्रम केला आणि त्याच दिवशी त्यांची बोट उलटली. बहुधा पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्याला धडकली असावी. सेग्रेव्ह गेले, त्यांच्याबरोबरचा एक मेकॅनिकही गेला. पुढे १९५२ मध्ये जॉन कॉब लॉक नेस तळ्यावर आणि १९६७ मध्ये डोनाल्ड कॅम्पबेल कॉनिस्टन तळ्यावर, दोघेही वेगाचा विक्रम करायला गेले आणि परत आले नाहीत. फिओनाबाई ज्या वाटेनं निघाल्या होत्या, ती वाट अशी होती.

त्यांची बोट होती ‘स्कीन डू’. स्कॉटलंडचे पुरुष पायमोज्यात एक छोटी सुरी खोचतात, तिचं हे नाव. ही बोट समुद्रातल्या बोटीसारखी लाट कापणारी नव्हती. वेगात आली की ती फक्त तीन ठिकाणी पाण्याला टेकायची, तिपाईसारखी. बाकी सगळी हवेत. चपटा दगड तिरका फेकला की पाण्यावर टप्पे घेत जातो, तसं काहीसं. पाण्याला जेवढं कमी टेकाल तेवढा अडथळा कमी आणि वेग जास्त.

धोकाही त्यातच आहे. वेग वाढला की बोटीच्या पोटाखाली वारा शिरतो. नाक थोडं जास्त वर गेलं की वादळात पत्रा उचलला जातो तशी अख्खी बोट उचलली जाते आणि उलटी होऊन पडते. आणि त्या वेगात पाणी मऊ राहत नाही, फरशीसारखं लागतं.

विक्रम मोजायची रीतही सांगते. एकदाच सुसाट जाऊन चालत नाही. ठरलेलं अंतर आधी एका दिशेनं कापायचं, मग उलट्या दिशेनं. दोन्ही वेगांची सरासरी काढायची. का? कारण एका बाजूनं वारा पाठीशी असला तर फुकटचा वेग मिळतो. परतताना तोच वारा तोंडावर येतो. हिशेब चोख राहतो.

१९८० च्या ऑगस्टमध्ये ६२ वर्षांच्या फिओनाबाईंनी विंडरमियरवर हा हिशेब पूर्ण केला. सरासरी ताशी १०० मैलांच्या पुढे गेली.  ज्या सेग्रेव्ह यांनी ५० वर्षांपूर्वी याच तळ्यावर प्राण गमावला, त्यांच्याच नावानं दिला जाणारा मानाचा करंडक या बाईंना मिळाला.

७१ व्या वर्षी विजेची बोट

कुणाला वाटेल, झालं, आता आजी आराम करतील. १९८३ मध्ये नवरा वारला. आपल्या गावात अशा बाईला लोक काय सांगतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आता देवदेव करा, नातवंडं सांभाळा, बाहेर फार फिरू नका.

१९८९ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे तिकडच्या थंडीत, ७१ वर्षांच्या फिओनाबाई नॉटिंगहॅमजवळच्या होम पिअरपॉइंट या ठिकाणी आणखी एका बोटीत बसल्या. बोटीचं नाव ‘अन स्ट्रॅडॅग’. स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ ठिणगी. या बोटीत ना पेट्रोल होतं, ना डिझेल. ती बॅटरीवर चालणारी होती. तिनं ताशी ५० मैलांचा, म्हणजे ८० किलोमीटरहून जास्त वेग गाठला आणि विजेवरच्या बोटींचा जागतिक विक्रम झाला.

आज आपल्या गावात विजेची स्कूटर येते, ई-रिक्षा येते, तेव्हा कुणी मान वर करून बघत नाही. पण १९८९ मध्ये बॅटरीवर एवढा वेग मिळतो हे लोकांना पटत नसे. बॅटऱ्या जड, मोटारी जड. या बोटीची मोटार मात्र वजनाला हलकी आणि ताकदीला जबर होती. ती तयार केली होती सेड्रिक लिंच यांनी. त्यांनी शाळा लहानपणीच सोडली होती, स्वतःच्या हातानं खटपट करत ते शिकले, आणि सुरुवातीची मोटार त्यांनी खाऊच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून बनवली होती. एकीकडे उमराव घराण्यातली म्हातारी बाई, दुसरीकडे शाळा सोडलेला कारागीर. दोघांनी मिळून ते करून दाखवलं.

फिओनाबाई २०१३ मध्ये वारल्या. वय ९४.

मग आपलं काय?

सुरुवातीचा प्रश्न आता घेते. फिओनाबाईंकडे पैसा होता, हे खरंच आहे. हा खेळ पैसेवाल्यांचाच आहे. २०१६ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोरच्या समुद्रात अशा बोटींची शर्यत झाली, तीही बहुतेकांनी काठावरूनच पाहिली. ‘जिद्द असली की सगळं मिळतं’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. जिद्द आपल्याकडे कमी नाही. कमी आहे ते यंत्र हातात मिळणं.

नीट बघा. फिओनाबाईंना वयाच्या ६२ व्या वर्षी जे जमलं, ते त्या वर्षी अचानक जमलं नाही. मागची कितीतरी वर्षं त्यांचा हात सुकाणूवर होता. यंत्र माणसाचं वय विचारत नाही, बाई की बुवा हेही विचारत नाही. ते फक्त सराव विचारतं. आणि सरावासाठी कुणीतरी यंत्र हातात द्यावं लागतं. त्यांना जन्मानं आणि पैशानं ते मिळालं. आपल्याला ते ठरवून मिळवावं लागेल.

आता आपल्या गटांकडे बघू. गट कर्ज काढून पॉवर टिलर घेतो, मिरची कांडप घेतो, पिठाची गिरणी घेतो. कागदावर मालकी बायकांची. चालवायला मात्र कुणाचा तरी मुलगा नाहीतर दीर. बिघडलं की मेकॅनिक त्याच्याशीच बोलतो. हप्ता फेडतो आपण, यंत्राची जाण वाढते दुसऱ्याची. चार वर्षांनी आपण म्हणतो, “बाई, मला नाही जमत त्यातलं.” जमत नाही, कारण हात लावायची वेळच आली नाही.

म्हणून तीन गोष्टी सुचवते.

पहिली, गटाचं जे यंत्र असेल ते चालवायला निदान तीन बायकांनी शिकायचं, आणि त्यातली एक पन्नाशीच्या पुढची असू द्या. तिला यंत्राचा आवाज कळेल, घाई तिच्या अंगात नसेल.

दुसरी, बोटीसारखी कामाची वाटणी करा. एक चालवेल, एक आवाज आणि तेलपाण्याकडे लक्ष देईल, एक वहीत तास आणि खर्च मांडेल. महिन्यानं कामं बदला, म्हणजे सगळ्यांना सगळं येईल.

तिसरी, जिवाची काळजी. वेगवान बोट चालवणाऱ्याच्या अंगाला एक दोरी अडकवलेली असते. माणूस बोटीबाहेर फेकला गेला तर दोरी ओढली जाते आणि इंजिन आपोआप बंद पडतं. धाडस करणारी माणसं आधी बंद करायची सोय बघतात. आपल्या मळणी यंत्राजवळ, गिरणीजवळ बंद करायचं बटण कुठं आहे, ते हाताच्या अंतरावर आहे का, प्रत्येकीला ठाऊक आहे का? पदर खोचलेला, केस बांधलेले, बांगड्या मागे सारलेल्या आहेत का? याला भित्रेपणा म्हणत नाहीत. ताशी १०० मैलांनी जाणाऱ्या बाईसुद्धा तयारीशिवाय बोटीत बसत नव्हत्या.

पुढच्या बैठकीत एवढ्या प्रश्नांवर बोला. आपल्या गावात बाई कोणकोणती यंत्रं चालवते? कोणत्या यंत्राला तिनं कधीच हात लावलेला नाही, आणि का? आपल्या गटातल्या कुठल्या आजींना यंत्राचा आवाज ऐकून बिघाड कळतो? त्यांच्याकडून कोण शिकणार?

जे ठरेल ते आम्हाला कळवा. वाचून दाखवू. आणि ज्या गटात साठीच्या पुढच्या आजी यंत्रावर बसतील, त्यांनी जरूर कळवा. त्यांना स्टुडिओत बोलवून त्यांच्याच तोंडून ऐकू.